एक ना धड, भाराभर चिंध्या

आमच्या घरात ही म्हण जणू माझ्यासाठीच राखून ठेवलेली होती. आठवीत असताना मी पेटी शिकायला गेलो आणि सुरांच्या सरावाचे अलंकार संपून पहिला राग सुरू होण्याच्या आतच क्लास सोडला, तेव्हा वडिलांनी ती पहिल्यांदा वापरली. पुढे कॉलेजात कॅमेरा आला, बँकेत लागल्यावर जर्मन भाषेचे वर्ग आले, पन्नाशीत बोन्सायच्या कुंड्या आल्या, आणि दर वेळी वस्तू घरात राहिली व छंद निघून गेला. वडील जाऊन बारा वर्षे झाली, तरी माळ्यावरची जर्मन व्याकरणाची पुस्तके हाताला लागली की ती म्हण त्यांच्याच आवाजात ऐकू येते. त्यांचे चुकत होते असे नाही. मी प्रत्येक वेळी आधी शेवटाचे चित्र पाहत असे, म्हणजे मैफलीतला मी, प्रदर्शनातली माझी छायाचित्रे, बर्लिनच्या रस्त्यावर पत्ता विचारणारा मी. आणि त्या चित्राला शोभेल अशी सामग्री पहिल्याच आठवड्यात विकत घेत असे. त्यानंतर रोजच्या सरावाला बसलो की त्या चित्रात आणि माझ्यात किती अंतर आहे एवढेच काय ते रोज नव्याने कळत असे.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. पत्नी महाविद्यालयात शिकवते आणि तिची नोकरी अजून शिल्लक आहे, त्यामुळे सकाळी नऊनंतर सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात मी आणि ब्याऐंशी वर्षांची आई असे दोघेच उरतो. चौतीस वर्षे लोकांची खाती जुळवण्यात गेलेल्या माणसाला स्वतःच्या घरात किती गोष्टी तुंबल्या, गळू लागल्या आणि निखळल्या आहेत याचा पत्ता नसतो. पहिल्याच आठवड्यात मी बँकेच्या शिस्तीने यादी केली. ती ४१ कामांची झाली. ‘सगळे नळ दुरुस्त करणे’, ‘माळा आवरणे’, ‘ओल्या कचऱ्याचे खत’, ‘मागची खोली रंगवणे’, ‘स्वयंपाक शिकणे’ अशी तिची भाषा होती. ती फ्रिजच्या दारावर लावली आणि दोन महिन्यांत अशी वेळ आली की पाण्याची बाटली काढतानाही मी त्या कागदाकडे पाहणे टाळू लागलो.

यादी हलली ती मोरीतल्या नळामुळे. तो रात्रभर ठिबकत असे. प्लंबरने तीनदा “उद्या येतो, काका” म्हणून सांगितले होते आणि तो उद्या काही उगवत नव्हता. एका रात्री दहा वाजता मी नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवली, तर सकाळी सहाला ती जवळजवळ अर्धी भरली होती. आठ तासांत सात लिटर, म्हणजे दिवसाला वीस लिटरच्या वर आणि महिन्याला सहाशेच्या पुढे. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेच्या भिंतीवर बचतीसाठी लिहिलेले असते. आमच्या मोरीत ती उधळपट्टीची म्हण झाली होती. हिशेब मांडल्यावर मात्र माझ्यातल्या कारकुनाला राहवेना.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ उघडा ठेवून पाइपातले उरलेले पाणी जाऊ दिले, पान्याच्या जबड्यात फडके घालून नळाचे डोके सोडवले आणि स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा, बाहेर काढला. त्याच्या खालच्या टोकाला एका बारीक नटाने बसवलेले काळे रबरी वायसर होते, चिंचोक्याएवढे. त्याच्यावर एक गोल चर पडला होता, नाण्याची कड मेणात दाबावी तसा. नळाच्या पोटात पितळेची एक गोल बैठक असते. आपण नळ बंद करतो तेव्हा हे वायसर त्या बैठकीवर दाबले जाते आणि पाणी अडते. वर्षानुवर्षे दाबून रबर कडक होते, त्याच्यावर बैठकीचा ठसा उमटतो, मग पाणी नीट अडत नाही आणि आपण नळ आणखी जोराने आवळतो, त्याने चर आणखी खोल होतो. गळणारा नळ आवळून बंद करणे हा जो घरोघरचा उपाय आहे, तो रोगालाच खतपाणी घालणारा आहे, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजले. वायसर दहा रुपयांचे. मात्र मी मोरीच्या जाळीवर फडके टाकायला विसरलो होतो, त्यामुळे तो बारीक नट घरंगळून थेट गटारात गेला आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या माझ्या दोन खेपा झाल्या. एकूण वेळ अडीच तास. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली कोरडी होती. दिसत होते तरी मी तिच्या तळाला हात लावून पाहिला.

त्या दिवशी यादीतले ‘सगळे नळ दुरुस्त करणे’ हे खोडता येत नव्हते, कारण घरात आणखी सहा नळ होते. म्हणून मी ती ओळच बदलली आणि लिहिले, ‘मोरीतला डावा नळ’. मग ती खोडली. एवढ्याशा फेरफाराने जे समाधान झाले ते इतके अनपेक्षित होते, की मी संपूर्ण यादीच नव्याने लिहायला घेतली. ‘माळा आवरणे’ याच्या जागी ‘माळ्यावरचा डाव्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा’ आले. ‘स्वयंपाक शिकणे’ याच्या जागी ‘रात्रीची शेवटची एक भाकरी’ आली. बाकीच्या पत्नीने थापायच्या आणि परातीत उरलेला शेवटचा गोळा माझा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात आणि दर भाकरीला वेगळे मळावे लागते, नाही तर थापताना कडा फाटतात, ही गोष्ट मला त्या एका गोळ्याने तीन आठवडे शिकवली. नवी यादी ४१ वरून शंभराच्या पुढे गेली. लांबी वाढली आणि वजन उतरले.

प्रत्येक काम असे तुकड्यांत येते असे मात्र नाही, आणि हे मी फार उशिरा मान्य केले. नव्या यादीच्या उत्साहात मी मागची खोली रोज ‘हात पुरेल तेवढी’ रंगवायला घेतली. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत आलो, ब्रश धुऊन ठेवला, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे निघालो. भिंत वाळल्यावर दोन दिवसांच्या हद्दीवर एक पट्टा उमटला, तिसऱ्या दिवशी आणखी एक. रंगाची कड ओली असतानाच तिच्यात पुढचा हात मिसळावा लागतो. वाळलेल्या कडेवर नवा रंग चढला की तेथे दुहेरी थर बसतो आणि तो दिवसाच्या तिरप्या उजेडात नेमका दिसतो. म्हणजे भिंत ही एका बैठकीत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवायची वस्तू आहे. पुरणाचेही तसेच; ते गरम असतानाच वाटायला हवे, ‘उरलेले उद्या’ म्हटले की घट्ट होऊन हटून बसते. थोडे थोडे करावे हा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी कधी भिंत रंगवली नसावी. आमच्या मागच्या खोलीचे पट्टे अजून आहेत. पाहुणे आले की मी तिथे दिवा लावत नाही.

खताच्या बाबतीत दुसरीच चूक झाली. तिथे पाऊल लहान होते, पण ते कसे टाकायचे हे माहीत नव्हते. भोके पाडलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिंपात मी रोजचा ओला कचरा नेमाने टाकत गेलो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, आणि एकदा उरलेली आमटीसुद्धा. बाराव्या दिवशी झाकण उघडले तर असा दर्प आला की शेजारच्या वहिनींनी गच्चीवरून विचारले, “भाऊजी, काही मेलंय का हो?” आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. नेम अगदी काटेकोर होता, पण नेमाने मी कचरा सडवत होतो. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर आणि कर्ब कमी, त्यात पाणी. हवा आत शिरत नाही आणि हवेविना जगणारे जंतू माजतात. सुका पाला हा त्यावर उतारा, कारण त्यात कर्ब असतो आणि त्याने पोकळीही राहते. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण पंचवीस-तीसाला एक असावे असे शास्त्र सांगते, पण गच्चीवर उभे राहून ते मोजणार कसे? मी मुठीचे माप धरले: एक मूठ ओले, दोन मुठी सुके. आणि दर आठवड्याला आतला एक गोळा हातात घेऊन पिळायचा. बोटांतून थेंब-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला कमी पडला. बदामाचे मोठे चिवट पान तसेच टाकले तर महिनोन् महिने ओळखू येते, म्हणून ते आधी चुरगाळून टाकायचे. तीन महिन्यांनी पिंपाच्या तळातून घमेलेभर काळा, भुसभुशीत चुरा निघाला, ज्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास होता. कढीपत्त्याला घातला. त्याहून अधिक मोठे त्याचे काही झाले नाही.

आता ज्या कामासाठी हे सगळे लिहायला बसलो त्याकडे येतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि चार-पाच दिवस हटले नाही. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा लाकडी कपाटात आईच्या हातच्या सात वाकळा गाळाने भरून पडल्या होत्या. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. सुती कापडाचे सहा-सात थर गाळ आणि पाणी पिऊन इतके जड झाले होते की एकेक वाकळ दोघांनी ओढत बाहेर आणावी लागली. धुऊन वाळवण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावर गल्लीभर ढिगारे लागले होते, त्यातल्याच एकावर त्या गेल्या. आई त्यावर फारसे बोलली नाही. तिच्यासाठी बाजारातून मऊ, गुबगुबीत ब्लँकेट आणले, तर तिचे म्हणणे एकच, की हे अंगावर बसत नाही, घसरते.

नवी वाकळ शिवणे तिच्या हातून होण्यासारखे नव्हते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तिला दिसते चांगले, पण उजव्या अंगठ्याचे सांधे आखडल्यामुळे सहा थरांतून सुई काढण्याएवढा जोर लागत नाही. पत्र्याच्या डब्याचे काम मी खोडले त्या दिवशी त्या डब्यात तिची जुनी लुगडी निघाली, माळ्यावर असल्यामुळे पुरातून वाचलेली. ती हातात घेऊन आई म्हणाली, “चार वाकळा होतील यात.” आणि मग माझ्याकडे बघून, “पण करणार कोण?” मी म्हणालो की मी करतो. बायकांचे काम म्हणून ती हसेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, “शिंपी बाप्याच असतोय की.”

लुगड्यांची निवड हे पहिल्या दिवसाचे काम. आई प्रत्येक लुगडे खिडकीतल्या उजेडासमोर धरायला सांगे आणि विरलेली जागा बोटाने दाखवी. बसण्याची जागा आणि गुडघे आधी जातात. धड असतील ती वर आणि खाली, विरलेली असतील ती पोटात. इचलकरंजीच्या मागावरची साधी सुती लुगडी तिने सर्वांत आधी बाजूला काढली. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि त्या गावाच्या स्वस्त, टिकाऊ सुती कापडावर आमच्या भागातल्या बायकांच्या तीन-चार पिढ्यांनी संसार केले. वर्षानुवर्षे धुतलेले ते कापड इतके मऊ झालेले असते की नव्या कापडाला ती सर येत नाही. एक इरकली होते. त्याचे अंग सुती आणि पदर रेशमासारखा चकचकीत, दोन्ही एकमेकांना मागावरच जोडलेले. तो पदर तिने कापून बाजूला ठेवायला लावला, कारण गुळगुळीत कापड पोटात गेले तर थर एकमेकांवर सरकतात. नऊवारी म्हणजे नऊ वार, २७ फूट. सहा-सहा फुटांच्या घड्या घातल्या की चार थर निघतात आणि तीन फुटांचा तुकडा उरतो, तो ठिगळांना होतो. वर एक थर, खाली एक थर, मध्ये हे चार. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी, ४५ इंच. एका माणसापुरती वाकळ.

येथे माझ्यातला कारकून पुन्हा जागा झाला. ७२ इंच लांबी, ४५ इंच रुंदी, आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत एक इंच अंतर धरले (हे अंतर आईच्या मते आळशी माणसाचे), तर एकूण ३,२४० इंच, म्हणजे २७० फूट शिवण होते. सुईत दोन हात दोरा ओवला, तर गाठ, शेवटचे टोक आणि कापडाची जाडी यांत जाऊन सुमारे दोन फूट ओळ पुरी होते. म्हणजे १३५ दोरे. मी एकदम दोन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांतले अंतर) दोरा घेतला असता, पण आईने पहिल्याच दिवशी तो तोडायला लावला. “एवढा लांब दोरा घेतलास तर सुईपेक्षा तुझा हातच जास्त हिंडेल,” ती म्हणाली, आणि तसेच होते. लांब दोरा दर टाक्याला हवेत ओढून काढावा लागतो, मध्येच पीळ खातो आणि त्याचा गुंता होतो. दोन हात दोऱ्याला मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतले की तो शहाण्यासारखा वागतो. एका दोऱ्याला साठ-सत्तर टाके आणि मला पंचवीस मिनिटे लागत. रोज दुपारी जेवणानंतर एक दोरा, असे ठरले. बँकेतून आणलेल्या एका कोऱ्या डायरीत दर दोऱ्याला एक उभी रेघ ओढायची आणि पाचवी आडवी.

आईने सांगितले होते की आधी सगळे थर टाचून घे. मी कडेकडेने टाचले आणि मध्ये टाचायचा कंटाळा केला, कारण टाचणीचे कच्चे टाके शेवटी काढूनच टाकायचे असतात आणि डायरीत त्यांची रेघ होणार नव्हती. कडेपासून आत आत चौकोनी फेरे घेत निघालो. चार आठवडे छान गेले. आई बाजूला बसून काही बोलत नव्हती, आणि आता वाटते की ती वाट बघत होती. एकतिसाव्या दोऱ्याला पाहिले तर वरच्या लुगड्याची लाट आत जमू लागली होती. खालचा थर फरशीवर वजनाने बसलेला असतो आणि वरचा थर दर टाक्याला सुईबरोबर केसभर पुढे सरकतो. एका फेऱ्यात ते जाणवत नाही, पण सगळी सैल आत आत ढकलली जाते आणि शेवटी तिला जायला जागा उरत नाही. मी हाताने लाट सपाट करून वरून टाके दामटण्याचा प्रयत्न केला. तिथे चक्क चुणी पडली.

“उसव,” आई म्हणाली.

एकतीस दोरे उसवायला दोन दुपारी गेल्या. उसवलेल्या ओळीच्या जागी सुईच्या छिद्रांची एक बारीक रांग राहते, जणू शिवणीची सावली, आणि ती धुतल्याशिवाय जात नाही. डायरीतल्या एकतीस रेघांचे काय करायचे हा प्रश्न मला खरोखर पडला. खोडणे हा बँकेत गुन्हा असतो. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्यासमोर उलट नोंद घालायची असते. मी तसेच केले. त्यानंतर आईने मला मधोमध बसवले आणि तिथून चारी बाजूंना, सूर्याचे किरण काढावेत तसे, लांब लांब कच्चे टाके घालायला लावले. प्रत्येक किरण घालण्याआधी तळहाताने कापड मधून कडेकडे ताणायचे, कोपऱ्यांवर पाट आणि वरवंटा ठेवायचा. हे सगळे एका सकाळचे काम होते, जे वाचवण्यासाठी मी चार आठवडे घालवले होते. पेटीचे अलंकार सोडले त्या दिवशी मला नेमके काय कंटाळवाणे वाटले होते, ते मला त्या सकाळी पुष्कळसे उमगले.

दुसऱ्या खेपेला चूक वेगळी झाली, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त लागली. चाळिसाव्या दोऱ्याच्या आसपास माझा वेग वाढला. पंचवीस मिनिटांचा दोरा पंधरा मिनिटांत संपू लागला आणि मी खुशीत दुपारचे दोन-दोन दोरे घालू लागलो. आईने एकदा सहज ओळीवरून बोट फिरवले आणि एका टाक्याखाली नख घालून तो उचलून दाखवला. टाका जवळजवळ पाऊण इंचाचा झाला होता. “यात पायाचं बोट अडकेल रात्री,” ती म्हणाली, “आणि तुटला की ओळ उसवत जाईल.” माझा हात तयार झालाच नव्हता. मी रेघा गोळा करण्यासाठी टाके लांबवत होतो, आणि ते मुद्दाम करत नव्हतो हेच त्यातले वाईट. लहान मापाचा हा धोका माझ्या ध्यानात आला नव्हता. माप मोजता येते म्हणून बरे वाटते, आणि मोजता येते म्हणूनच ते मोजण्याच्या पायी खोटे होते. बँकेत मार्च महिन्यात वर्षअखेरचे आकडे गाठताना आम्ही सगळे हेच करत असू. त्या दिवसापासून मी रेघ ओढण्याआधी नख फिरवून पाहतो. नख अडकले तर रेघ नाही.

साठाव्या दोऱ्यानंतर जे बदलले ते डायरीत लिहिता येण्यासारखे नाही. आधी मी एकेक टाका वर-खाली करत असे. आता सुईच्या टोकावर चार टाके गोळा करून मग दोरा ओढतो. डाव्या हाताची तर्जनी वाकळीच्या खाली असते आणि सुईचे टोक तिला टेकले न टेकले तोच वर वळते. त्या बोटावर आता घट्टा पडला आहे. उजव्या मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घालायला सुरुवातीला जमत नव्हते, आता त्याच्याशिवाय बोट उघडे वाटते. सहा थरांतून दोरा सरकताना खर्र असा एक बारीक आवाज येतो आणि तो आवाज सारखा आला की टाके सारखे पडत आहेत हे न पाहता कळते. ज्या दिवशी हे पहिल्यांदा कळले त्या दिवशी मी आईला सांगितले. ती म्हणाली, “मग? त्याशिवाय आम्ही बोलत बोलत शिवायचो कशा?”

आणि खरोखरच, त्यानंतर दुपारी आम्ही बोलू लागलो. आधी माझे सगळे लक्ष सुईवर असायचे. आता ती वाकळीत गेलेल्या एकेका लुगड्याचा इतिहास सांगते: हे माझ्या मुंजीतले, हे आत्याने दिलेले आणि कधीच न आवडलेले, म्हणून पोटात घातलेले. वडिलांच्या म्हणीचा विषय एकदा निघाला. मी म्हणालो, बघ, शेवटी चिंध्याच गोळा करत बसलो आहे. ती म्हणाली की ती म्हण तुझ्या वडिलांना फार शोभत होती, कारण त्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या सदऱ्याचे एक बटण लावले नाही.

सध्या ९७ दोरे झाले आहेत. कडेकडेचा भाग पुरा शिवून झाला आहे आणि मधला चौकोन उरला आहे, त्यामुळे शिवताना वाकळ माझ्या मांडीवर मावत नाही आणि तिचे दुसरे टोक पलंगावर आईकडे जाते. काल थंडी होती. अठ्ठ्याण्णवावा दोरा निम्म्यावर आला असताना बोलणे थांबले, म्हणून वर पाहिले तर आईने शिवून झालेले टोक गळ्यापर्यंत ओढून घेतले होते आणि तिला झोप लागली होती. कापड तिच्या अंगाखाली दबलेले होते, ते ओढल्याशिवाय पुढचा टाका घालता येत नव्हता. मी सुई कापडात खोचून ठेवली आणि डायरीत अर्धी रेघ ओढली.